नक्कल, घाई आणि रुजवात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणाऱ्या माणसाने फ्लॉपीची नक्कल लवकर कशी काढावी या विषयावर बोलायचे, हे ऐकून काहींना हसू येईल. पण विषय मी शोधलेला नाही, तो माझ्या दारात आला. गेल्या काही वर्षांत धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा अशा ठिकाणांहून लोक जुन्या फ्लॉप्या पिशवीत घालून माझ्याकडे येतात. कुणाच्या वडिलांचे आत्मकथन असते, कुणाच्या शाळेची स्मरणिका, कुणाच्या संस्थेची सभासद यादी. कागदावर छापलेली प्रत हरवलेली असते किंवा मुळात निघालेलीच नसते. जे काही आहे ते त्या काळ्या चौकोनी तबकडीत. आणि माझ्याकडे अजून एक जुने चारशेशहाऐंशी यंत्र चालू स्थितीत आहे, फ्लॉपीचे दोन्ही आकार घेणारे.

आता कुणी म्हणेल, एकदाची नक्कल काढायची तर घाई कशाला? दोन मिनिटे लागोत नाहीतर दहा. पण फ्लॉपीत चुंबकीय थराचा एक पातळ पत्रा फिरत असतो, आणि वाचणारे हेड त्या पत्र्याला प्रत्यक्ष टेकलेले असते. हार्ड डिस्कसारखे ते हवेत तरंगत नाही. म्हणजे फ्लॉपी जितकी जास्त फिरेल तितकी ती घासणार. तीस वर्षांपूर्वीचा थर आधीच कमजोर झालेला. अशा तबकडीची नक्कल कमीत कमी फेऱ्यांत निघाली, तर ती निघते. नाहीतर अर्ध्यात ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ अशी तीन शब्दांची ओळ पडद्यावर येते आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पडतो. तेव्हा वेगाचा प्रश्न इथे नुसता वेळ वाचवण्याचा नाही.

हे सारे मी शिकलो ते पोटासाठी. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि नोकरी काही लागेना. त्या वेळी गावोगावी संगणकाचे क्लास निघाले होते. डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस अशी चार नावे पाटीवर ओळीने लिहिलेली असायची. तीन महिन्यांचा तो क्लास केला आणि एका टायपिंग व डीटीपी केंद्रात बसू लागलो. लग्नपत्रिका, निवेदने, निकालपत्रके, अधूनमधून एखाद्याचा कवितासंग्रह. तयार मजकूर फ्लॉपीत घालायचा आणि एसटीने सोलापूरला छापखान्यात धाडायचा.

नव्या पिढीसाठी डॉसबद्दल दोन शब्द. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, त्याच्याबरोबर ही प्रणाली आली. चित्रे नाहीत, माऊसची गरज नाही. काळा पडदा, त्यावर सी हे अक्षर आणि पुढे लुकलुकणारी रेघ. तुम्ही हुकूम टाइप करायचा, यंत्राने तो पाळायचा. १९९४ साली निघालेली ६.२२ ही मायक्रोसॉफ्टने स्वतंत्रपणे विकलेली शेवटची आवृत्ती. त्याच वर्षी जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने फ्रीडॉस नावाची मुक्त आवृत्ती सुरू केली, ती आजही निघते. आणि एप्रिल २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ४ चा मूळ कोडही सर्वांसाठी खुला केला. म्हणजे मढे पुरलेले असले तरी माणसे अजून कबरीवर येऊन जातात.

नक्कल हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्याकडे तो तहसीलमधला शब्द आहे. सातबाराची नक्कल, फेरफाराची नक्कल. निजामाच्या राजवटीत या जिल्ह्याचे दप्तर उर्दूत होते, तेव्हाही नक्कल ती नक्कलच होती. पूर्वी हाताने नक्कल निघायची तेव्हा खाली दोघांच्या सह्या असायच्या. एक नक्कल करणाऱ्याची आणि दुसरी रुजवात घेणाऱ्याची. रुजवात म्हणजे मूळ कागद आणि नक्कल समोरासमोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणे. लिहिणारा कितीही झरझर लिहो, रुजवात झाल्याशिवाय शिक्का पडत नसे. हे दोन शब्द लक्षात ठेवा. संगणकाच्या नकलेतही हीच दोन कामे आहेत, आणि घाई कुठे करायची व कुठे नाही हे त्यावरून ठरते.

आधी थोडा हिशेब मांडू. साडेतीन इंची फ्लॉपीवर गाण्याच्या तबकडीसारखी वर्तुळे असतात. पण ती सुटी-सुटी, एकात एक. एका बाजूला ८०, दोन बाजू मिळून १६०. प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे, त्यांना सेक्टर म्हणतात, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ अक्षरे मावतात. १६० गुणिले १८ गुणिले ५१२, म्हणजे १४ लाख ७४ हजार ५६० अक्षरे. फ्लॉपीवर १.४४ एमबी छापलेले असते ते हेच. ही तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते, सेकंदाला पाच. एका फेऱ्यात एक वर्तुळ वाचून होते असे धरले तर १६० फेऱ्यांना लागतात ३२ सेकंद.

पूर्ण भरलेली फ्लॉपी वाचायला खरे तर अर्धे मिनिट पुरे. मग तेव्हा चार-चार, पाच-पाच मिनिटे का लागत? तो खर्‌-खर्‌, टक्-टक् आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना उत्तर अर्धे माहीत आहे. तो आवाज वाचण्याचा नव्हता, हेडच्या येरझाऱ्यांचा होता.

मार्केट यार्डातले उदाहरण घ्या. ट्रकमधून गोदामात पोती उतरवायची आहेत. हमाल पोते टाकतो, आणि मुनीम दाराशी वही घेऊन बसलेला आहे. एकाच शेतकऱ्याची शंभर पोती असतील तर हमाल शंभर पोती टाकून एकदाच मुनिमाकडे जातो. पण शंभर शेतकऱ्यांचे एकेक पोते असेल, तर प्रत्येक पोत्यामागे तो दारापर्यंत जाणार, नाव सांगणार, मुनीम लिहिणार, मग पुढचे पोते. ओझे तेवढेच, पण दिवस जातो चालण्यात. फ्लॉपीवर अशी वही असते. फाइलींची नावे आणि कोणती फाइल कोणत्या तुकड्यांत ठेवली आहे याचा तक्ता, हे सारे तबकडीच्या अगदी बाहेरच्या कडेला पहिल्या ३३ सेक्टरांत असते. एक फाइल लिहून झाली की हेड आतून कडेला येते, नोंद करते, पुन्हा आत जाते. दोनशे लहान फायली असतील आणि एका नोंदीमागे अर्धा सेकंद धरला, तर शंभर सेकंद नुसते चालण्यात गेले.

म्हणून वेग वाढवायची पहिली आणि सर्वांत फायद्याची युक्ती म्हणजे फायलींची मोट बांधणे. १९८९ साली फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने पीकेझिप नावाचा प्रोग्रॅम बाजारात आणला. दोनशे फायलींचे एकच गाठोडे होते आणि ते दाबून लहानही होते. मजकुराच्या फायली बहुतेक निम्म्यावर येतात, कधी त्याहून कमी. म्हणजे ओझेही निम्मे आणि मुनिमाकडची फेरी एक. शिवाय प्रत्येक फाइलीची एक बेरीज, म्हणजे खूण, त्या गाठोड्यात नोंदलेली असते. तिच्याबद्दल पुढे बोलू.

दुसरी युक्ती हुकूम बदलण्याची. क्लासमध्ये सगळ्यांना कॉपी हा हुकूम शिकवत. तो साधा आहे आणि भोळाही. एक फाइल वाचतो, लिहितो, मग दुसरी वाचतो, लिहितो. १९८६ सालच्या डॉस ३.२ मध्ये एक्सकॉपी नावाचा त्याचा थोरला भाऊ आला. तो मेमरीत जितक्या फायली मावतील तितक्या आधी वाचून घेतो आणि मग सगळ्या एकदम लिहायला बसतो. आमच्या घरात एक बुजुर्ग कातिब होते, उर्दू मजकूर सुंदर हाताने उतरवून देणारे. नवशिका पोरगा एकेक शब्द बघून लिहायचा, प्रत्येक शब्दाला मान वर-खाली. बुजुर्ग मात्र पूर्ण ओळ डोळ्यांत घ्यायचे आणि मान खाली घालून उतरवायचे. कॉपी आणि एक्सकॉपी यांच्यात एवढाच फरक आहे. फ्लॉपीवरून हार्ड डिस्कवर लहान-लहान फायली घेताना तो चांगलाच जाणवतो. एकच मोठी फाइल असेल तर फारसा नाही.

युनिक्सवाल्यांकडे डीडी नावाचा हुकूम आहे. त्यालाही काही न सांगता चालवले तर तो ५१२ अक्षरांचा एकेक घास घेतो. घास मोठा घे म्हटले की पळतो. प्रणाली कोणतीही असो, आडातून पाणी तांब्याने काढायचे की घागरीने, हाच प्रश्न असतो.

घागर किती मोठी असावी याचीही एक जागा डॉसमध्ये होती. कॉन्फिग डॉट सिस नावाच्या फाइलीत बफर्स बरोबर अमुक असा आकडा लिहायचा. एका बफरला पाचशेहून थोडी अधिक अक्षरे मेमरी लागते. काही पठ्ठे तिथे ९९ आकडा टाकून मिशीवर ताव देत. त्याचा उपयोग कमी आणि तोटा जास्त, कारण ६४० केबी मेमरीतली जागा त्यात जाते आणि एक्सकॉपीला फायली भरून घ्यायला जागाच उरत नाही. वीस-तीस पुष्कळ झाले.

तिसरी युक्ती सर्वांत शहाणी. जे बदललेच नाही त्याची नक्कल काढायचीच नाही. डॉस प्रत्येक फाइलीवर एक बारीक खूण ठेवते, तिला आर्काइव्ह बिट म्हणतात. फाइलीत काही बदल झाला की ती खूण उभी राहते. एक्सकॉपीपुढे तिरकी रेघ देऊन एम लिहिले, की तो फक्त खुणेच्या फायली उचलतो आणि नक्कल झाल्यावर खूण पुसतो. ए लिहिले तर उचलतो पण खूण तशीच ठेवतो. एका अक्षराचा हा फरक किती कामाचा आहे, ते एका प्रसंगाने सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आपल्याकडचे. जवळपास आठ हजार माणसे गेली. त्या हिवाळ्यात बाहेरून आलेली एक स्वयंसेवी संस्था आमच्या केंद्रावर याद्या करून घ्यायला येत असे. वस्तीवार फायली. कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातली माणसे, वारलेली किती, जखमी किती, काय मदत पोचली, काय राहिली. पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेले जिस्ट कार्ड यंत्रात होते, त्यामुळे डॉसवरसुद्धा नावे मराठीत टाइप होत. रोज संध्याकाळी आठ फ्लॉप्या तयार करायच्या, आठ पथकांसाठी, आणि सकाळी सहाच्या आत त्या निघायच्या. ज्या घराची नोंद चुकली त्याच्याकडे ताडपत्री पोचणार नाही, इतका साधा हिशेब होता.

आमच्याकडे फ्लॉपीचा एकच खण. पूर्ण फ्लॉपीची हुबेहूब नक्कल काढायला डिस्ककॉपी असा हुकूम आहे. तो मुनिमाला विचारतच नाही, वर्तुळामागून वर्तुळ सरळ उचलतो, म्हणून वेगवान. पण त्या काळातला डिस्ककॉपी मेमरीत मावेल तेवढेच धरायचा. साधारण तिसरा हिस्सा वाचायचा, मग फ्लॉपी बदला, लिहायचा, पुन्हा बदला. एका नकलेला तीन वेळा आत-बाहेर, आठ नकलांना चोवीस वेळा. त्यात रिकामी जागाही तो इमानेइतबारे उतरवायचा. १९९३ च्या शेवटी आलेल्या डॉस ६.२ मध्ये ही अडचण गेली. तो मजकूर आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा आणि पुढची फ्लॉपी हवी का असे विचारायचा. आम्ही मात्र जुन्यावरच होतो. तेव्हा आम्ही केले असे की मूळ याद्या हार्ड डिस्कवरच ठेवल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांचे एक झिप गाठोडे केले आणि तेच आठ फ्लॉप्यांवर घातले. पुढे रोज जेमतेम दहा-बारा फायली बदलायच्या, तेवढ्याच एक्सकॉपीने द्यायच्या. पहिल्या सात फ्लॉप्यांना ए लावायचे आणि आठवीला एम. पहिल्याच फ्लॉपीला एम लावले असते तर खुणा पुसल्या गेल्या असत्या आणि उरलेली सात पथके कालचीच यादी घेऊन गेली असती. तासाभराचे काम दहा-बारा मिनिटांवर आले, आणि राहिलेल्या वेळात त्या याद्या पुन्हा एकदा वाचून काढता येऊ लागल्या. नावे वाचणे सोपे नव्हते, ते वेगळे.

आतापर्यंत सांगितलेला वेग हा फुकटच्या येरझाऱ्या वाचवून मिळवलेला आहे. त्यात कुठे फसवणूक नाही. पण डॉसमध्ये आणखी एका प्रकारचा वेग मिळायचा, तो उधारीचा.

स्मार्टड्राइव्ह नावाचा एक प्रोग्रॅम होता. तो मेमरीचा एक भाग राखून ठेवतो आणि डिस्कवरून वाचलेला मजकूर तिथे धरून ठेवतो. पुन्हा तोच मागितला की डिस्ककडे न जाता हातातला देतो. इथवर सोन्यासारखी गोष्ट. पण मार्च १९९३ मध्ये आलेल्या डॉस ६.० मधला स्मार्टड्राइव्ह हार्ड डिस्कवर लिहायचे कामही आपल्याकडे ठेवून घ्यायचा. तुम्ही फाइल साठवली, पडद्यावर प्रॉम्प्ट लगेच परत आला, तुम्हाला वाटले काम झाले. प्रत्यक्षात मजकूर अजून मेमरीतच, डिस्कवर काही सेकंदांनी जाणार. वीज न जाणाऱ्या देशात ही सोय झकास. आपल्याकडे?

एका पतसंस्थेतली गोष्ट आहे, नाव घेत नाही. १९९४ चा उन्हाळा. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवायला घातल्या, प्रॉम्प्ट आला, आणि त्याच क्षणी लाईट गेली. यूपीएस नव्हता. सकाळी यंत्र चालू केले तर अर्ध्या नोंदी नाहीत. डिस्क तपासायचा चेकडिस्क हा हुकूम दिला, तर त्याने इकडचे-तिकडचे बेवारस तुकडे गोळा करून फाइल शून्य शून्य शून्य शून्य अशा नावाने समोर ठेवले. म्हणजे पोती गोदामात पडली होती, पण मुनिमाच्या वहीत कुणाची ते लिहायचे राहून गेले. चार दिवस पावत्या बघून पुन्हा नोंदी कराव्या लागल्या. तक्रारी जगभरातून गेल्या असणार, कारण डॉस ६.२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे बदलले. लिहून ठेवण्याची उधारी आपणहून चालू होईनाशी झाली, आणि लिहिणे पूर्ण झाल्याशिवाय प्रॉम्प्ट परत येईनासा झाला.

ज्यांच्याकडे ६.० होती त्यांना उपाय साधा होता. स्मार्टड्राइव्हपुढे तिरकी रेघ देऊन एक्स लिहायचे, की तो लिहिण्याची उधारी बंद करतो, वाचण्याचा फायदा मात्र राहतो. किंवा यंत्र बंद करण्याआधी तिरकी रेघ सी द्यायचे, म्हणजे हातात असेल नसेल ते सगळे तो डिस्कवर टाकतो. माझे मत विचाराल तर लोडशेडिंगच्या मुलखात पहिलाच उपाय बरा. माणूस सी लिहायला विसरतो, आणि वीज जायची विसरत नाही.

हा प्रकार जुना झाला असे समजू नका. पेनड्राइव्ह काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ करा असे सांगतात, ते याच कारणाने. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी ही उधारी मुळात बंद ठेवलेली असते. तरी नक्कल चालू असताना तो उपटायचा नाहीच.

आता रुजवात. डॉसमध्ये व्हेरिफाय नावाचा हुकूम आहे. तो ऑन केला की लिहिलेला प्रत्येक तुकडा लगेच वाचून पाहिला जातो. त्यासाठी तबकडीला आणखी एक फेरा लागतो, म्हणजे लिहिण्याचा वेळ जवळपास दुप्पट. लवकर काम उरकायचे म्हणून लोक तो ऑफ ठेवत, आणि ज्यांना भीती वाटे ते ऑन करून निर्धास्त होत. खरे तर दोघांचेही थोडे चुकत होते. व्हेरिफाय एवढेच बघतो की लिहिलेला तुकडा वाचता येतो. तो मुळाशी जुळतो की नाही हे तो बघत नाही. अक्षर वाचता आले की शिक्का मारायचा, मूळ कागद उघडायचाच नाही, अशी ही रुजवात. तिच्यासाठी दुप्पट वेळ द्यावा असे मला कधी वाटले नाही.

खरी रुजवात घेणारा हुकूम म्हणजे एफसी, पुढे तिरकी रेघ आणि बी. तो मूळ आणि नक्कल शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडतो. किंवा झिप गाठोडे असेल तर पीकेअनझिपला त्याची चाचणी घ्यायला सांगायचे. मघाशी म्हटलेली प्रत्येक फाइलीची बेरीज तो पुन्हा करून बघतो आणि जुळली नाही तर त्या फाइलीचे नाव सांगतो. हे काम जलद आहे आणि मूळ डिस्क समोर असण्याचीही गरज नाही. झिपचा मला सर्वांत आवडणारा गुण हाच.

आणखी एक बारकावा. रुजवात त्याच यंत्रावर लगेच घेतली, तर स्मार्टड्राइव्ह फ्लॉपी न वाचता मेमरीतलाच मजकूर दाखवील आणि सगळे जुळले म्हणून सांगेल. म्हणून फ्लॉपी दुसऱ्या यंत्रात घालून तपासावी. त्यात दुसराही फायदा असतो. काही फ्लॉपी ड्राइव्हची हेड जागेवरून जराशी सरकलेली असतात. त्यांनी लिहिलेले त्यांचे त्यांनाच वाचता येते, दुसऱ्याला नाही. एसटीने पाठवलेली फ्लॉपी छापखान्यात उघडत नसे, त्याचे कारण बऱ्याचदा हे असायचे. आणि ड्रायव्हर-कंडक्टर उगाच बोलणी खायचे.

आता आजच्या कामाकडे येऊ. तीस वर्षे ट्रंकेत पडलेल्या फ्लॉपीवरून नक्कल काढताना वरच्या सगळ्या युक्त्या चालत नाहीत. तिच्यावर काही लिहायचे नाही, झिप करायचे नाही, फाइल उघडून बघायचा मोहसुद्धा टाळायचा. आधी सबंध तबकडीची एक सलग प्रतिमा उतरवून घ्यायची, कडेपासून आतपर्यंत, एका दमात. मग मूळ फ्लॉपी बाजूला ठेवायची आणि पुढची सगळी उलाढाल त्या प्रतिमेवर करायची.

अडचण येते ती खराब सेक्टरपाशी. डॉस तिथे अडून बसते, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तेवढ्यात थर आणखी खरवडला जातो. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे, त्याची चाल वेगळी. जे सहज वाचता येते ते तो आधी उचलतो, खराब जागा वहीत टिपून पुढे जातो, आणि सगळे चांगले हाती आल्यावर शेवटी त्या जागांशी झगडतो. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवावेत म्हणतात, तसे. एका मित्राच्या, आता तो नाही, कवितांच्या फ्लॉपीवर असे दोन सेक्टर खराब होते. रात्रभरात एक मिळाला. दुसरा मिळाला नाही. जिस्टच्या मराठीत एका अक्षरचिन्हाला एकच बाइट लागतो, म्हणजे गेली ती पाचशे बारा चिन्हे. त्याच्या कविता लहान असत. एक पूर्ण आणि दुसरीची सुरुवात, एवढी जागा रिकामी आहे.

प्रतिमा हाती आल्यावर मजकूर उघडला की बऱ्याचदा पडद्यावर अगम्य चिन्हे दिसतात. लोक घाबरतात, फ्लॉपी बिघडली म्हणतात. ती बिघडलेली नसते. त्या काळची मराठी आजच्या युनिकोडमध्ये नव्हती. जिस्टचा मजकूर इस्की या भारतीय मानकात असे, आणि डीटीपीच्या प्रत्येक फाँटचे आपले वेगळे गणित. ते उलगडता येते, पण तो निराळा विषय. आधी नक्कल, रूपांतर सवडीने.

ज्यांच्या घरी अशा फ्लॉप्या असतील त्यांच्यासाठी थोडेसे. सव्वापाच इंची, वाकणाऱ्या फ्लॉप्या आधी बाहेर काढा, कारण त्यांचे ड्राइव्ह मिळेनासे झाले आहेत. साडेतीन इंचीसाठी यूएसबीला लागणारा ड्राइव्ह अजून मिळतो. घालण्याआधी लेखनाचे कुलूप लावा. साडेतीन इंचीला कोपऱ्यातले भोक उघडे ठेवले की कुलूप लागते, सव्वापाच इंचीला मात्र उलट, बाजूची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. सरकते झाकण बाजूला करून आतला पत्रा बघा. पांढरट बुरशीचे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी यंत्रात घालू नका, हेडला बुरशी लागली की पुढच्या दहा फ्लॉप्या खराब होतील. आपल्या भागातली हवा कोरडी असल्याने बुरशीचा त्रास कोकणाइतका नाही. आपला शत्रू आहे पत्र्याच्या छपराखालचा उन्हाळा. तेव्हा माळ्यावरच्या फ्लॉप्या मार्चच्या आत खाली उतरवा.